१९८७ च्या टीव्हीचा आवाज कीबोर्डवर कसा काढायचा?

तिसरी घंटा (वडगाव, बेळगाव)

नमस्कार मंडळी. दिवसभर शहापुरात साड्यांच्या दुकानात हिशेब लिहिते आणि रात्री तालमीला कीबोर्ड मांडीवर घेऊन बसते. आमच्या ग्रुपच्या एकांकिकांना पार्श्वसंगीत माझं असतं. शिकले ते पेटी, कीबोर्ड आपला आपणच. त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर हसा, पण उत्तर द्या.

यंदाची एकांकिका आमच्याच गल्लीत घडते म्हणा ना. १९८७ साल, वडगावातल्या विणकराचं घर, पुढच्या सोप्यात दोन माग आणि आतल्या खोलीत गल्लीतला पहिला टीव्ही. त्या जानेवारीत 'रामायण' सुरू झालं आणि रविवारी सकाळी साडेनऊच्या आत माग थांबायला लागले. नाटक सगळं तेवढ्याच वेळात घडतं, माग थांबल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत. खऱ्या मालिकेचं संगीत वापरायचं नाही, हक्कांची भानगड नको, म्हणून लेखकाने तशीच एक पौराणिक मालिका मनाने रचली आहे. रंगमंचावर टीव्हीची पाठ प्रेक्षकांकडे आहे. पडदा कुणालाच दिसणार नाही. म्हणजे टीव्ही हा फक्त आवाज, आणि तो आवाज माझ्या गळ्यात.

मला चार गोष्टी काढायच्यात. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी रंगीत पट्ट्यांबरोबर यायचा तो 'टूंऽऽऽ'. मालिकेच्या नावाबरोबर वाजणारा, धड घंटा नाही आणि धड सतार नाही असा चकाकता आवाज. दोन बाण हवेत आदळतात तो 'ट्युंव'. आणि मधेच शेजारच्या रेडिओवर जुन्या सिनेमाची पुंगी.

माझ्याकडे यामाहाचा पीएसआर आहे, भारतीय ताल आणि वाद्यं असलेला, आणि एक म्हातारा लॅपटॉप. घंटेचे सगळे आवाज लावून बघितले. काही लावा, आवाज येतो तो व्हॉट्सअॅपवरच्या शुभ सकाळच्या व्हिडिओचा. दिग्दर्शक म्हणतात, "हे गुळगुळीत आहे. तेव्हा असं नव्हतं." कसं होतं विचारलं तर हाताने हवेत काहीतरी दाखवतात. माझा जन्म १९९४ चा. मी काय सांगणार?

गॅलरीतला (टिळकवाडी)

यूट्यूबवर सगळं पडलंय की ओ. उतरवून पेनड्राइव्हवर घाला. एवढा घोळ कशाला?

तिसरी घंटा

बघितलं. कुणीतरी व्हीसीआरवरून काढलेलं, त्यावर कुणाचा तरी लोगो आणि मागे पंख्याची घरघर. शिवाय नट एखादं वाक्य लांबवतो, खातो. पेनड्राइव्ह थांबत नाही, माझा हात थांबतो. मला वाजवायचंच आहे.

मध्यमलहर (मूळ संकेश्वर, नोकरीमुळे गावोगाव)

ताई, आयुष्यातली एकतीस वर्षं प्रसारणाच्या तांत्रिक बाजूला गेली, त्यामुळे तुमचा 'टूंऽऽऽ' वाचून कान टवकारले. तो सगळ्यात सोपा आहे, तिथून सुरू करू.

तो एक हजार हर्ट्झचा शुद्ध सूर. सेकंदाला हजार कंपनं आणि त्यात बाकी काहीही नाही, ना उपस्वर (मूळ सुराबरोबर उमटणारे वरचे बारीक सूर), ना खरखर. ऑसिलेटर नावाचं मंडल तो तयार करतं. आम्ही तो सोडायचो ते लोकांनी ऐकावा म्हणून नव्हे. स्टुडिओपासून प्रक्षेपकापर्यंत आवाजाची पातळी सगळीकडे सारखी पोचते का, हे काट्यावर बघायला. पण लोक ऐकायचेच, कारण टीव्ही अर्धा तास आधी लावून बसायची पद्धत होती. लॅपटॉपवर ऑडॅसिटी (आवाज घ्यायचा, कापायचा प्रोग्रॅम) असेल तर त्यात 'टोन' तयार करायची सोय आहे. साइन तरंग, १००० हर्ट्झ, झालं. कीबोर्डवर वाजवू नका. हा सूर तुमच्या कुठल्याच पट्टीवर बसत नाही. तार सप्तकातल्या बी आणि वरच्या सी यांच्या मधे पडतो, बीच्या बराच जवळ. वाजवलात तर जुन्या माणसाला काहीतरी चुकतंय एवढं कळेल, काय ते सांगता येणार नाही.

एक गंमत सांगतो. त्या टूंऽऽनंतर दूरदर्शनचं ते फिरत जाणारं चिन्ह आणि धून यायची. पुष्कळांना ती सिंथेसायझरची वाटते. ती शहनाई आहे. पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अहमद हुसेन खान यांची रचना, १९७६ ची. आकाशवाणीची पहाटेची धून तर त्याहून किती जुनी, वॉल्टर कॉफमन या झेक ज्यू संगीतकाराची, तीही व्हायोलिन-तंबोऱ्यावरची. आपल्या प्रसारणात खरं इलेक्ट्रॉनिक वाद्य कुठलं वाजत होतं म्हणाल तर तो एक हजाराचा सूर आणि बातम्यांआधीचं 'पिप पिप'. ती पिप बीबीसीने १९२४ साली सुरू केली.

आता तुमची चकाकती घंटा. १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ हा सिंथेसायझर आला आणि जगभरातल्या टीव्हीचा आवाज बदलला. आधीचे सिंथेसायझर, मूग कंपनीचे वगैरे, उलट्या मार्गाने जायचे. भरपूर उपस्वर असलेला जाडजूड आवाज घ्यायचा आणि फिल्टरने त्यातलं नको ते तासून काढायचं, सुतार लाकूड तासतो तसं. डीएक्स-७ ची गोष्ट वेगळी. त्यात एक साधा सूर दुसऱ्या साध्या सुराला वेगाने हलवतो. हलवणारा इतका वेगवान असतो की कंप म्हणून तो ऐकूच येत नाही, त्यातून नवेच सूर फुटतात. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांना हे १९६७ च्या सुमारास सापडलं आणि यामाहाने त्याचा परवाना घेतला.

चाउनिंगच्या १९७३ च्या लेखात घंटेची कृतीच दिली आहे. मूळ सूर २०० हर्ट्झ, हलवणारा २८०. मग २०० मध्ये २८० मिळवत जा आणि वजा करत जा: ४८०, ७६०, खाली ८०, ३६०. यांचं एकमेकांशी तंबोऱ्यातल्या उपस्वरांसारखं साधं नातं नाही, म्हणूनच कानाला धातू वाटतो. घंटा, थाळी, घंगाळ, सगळ्यांचं असंच असतं. हलवणाऱ्याचा जोर आधी जास्त ठेवून हळूहळू उतरवला की टोल पडून विरत गेल्यासारखं होतं.

तुमच्या कीबोर्डमधली घंटा ही खऱ्या घंटेचं चांगल्या माइकने केलेलं ध्वनिमुद्रण आहे. गुळगुळीत वाटते ती त्यामुळे. लॅपटॉपवर डेक्स्ड नावाचा फुकट प्रोग्रॅम उतरवा. तो डीएक्स-७ ची हुबेहूब नक्कल करतो आणि तुमचा कीबोर्ड यूएसबीने त्याला जोडता येतो. मूळ सूर आणि हलवणारा यांचं गुणोत्तर एकास १.४ ठेवा.

बाणाचा ट्युंव त्यातच निघेल. एका सुराची पट्टी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात दोन सप्तकं खाली घसरवायची. दुसरा बाण आला की खालून वर. टक्कर झाली की थोडा सरसरता आवाज, ज्यात सगळ्या कंपनसंख्या सारख्याच प्रमाणात असतात, धबधब्यासारखा.

निपाणीचा कीबोर्ड

मध्यमलहर काकांनी एवढं शास्त्र सांगितलंय की आता मी काय बोलू. पण पुंगीचा विषय माझा आहे, तो कुणाला देणार नाही.

ताई, तुमच्या शेजारच्या रेडिओवर 'नागिन' लागणार हे नक्की. १९५४ चा सिनेमा, संगीत हेमंतकुमारांचं. त्यातली पुंगी ही पुंगीच नव्हे. क्लॅव्हिओलिन वाजवलंय, कल्याणजींनी, म्हणजे पुढे कल्याणजी-आनंदजी झाले ते. जोडीला पेटीवर रवी, तेही पुढे मोठे संगीतकार झाले. पस्तीस वर्षं जत्रेत ऑर्केस्ट्रात वाजवतोय, दरवर्षी ती फर्माईश येते आणि दरवर्षी कुणीतरी स्टेजमागे येऊन विचारतो, "पुंगीवाला कुठं बसवलाय ओ?"

क्लॅव्हिओलिन फ्रान्समधल्या कॉन्स्टंट मार्टिनने १९४७ ला काढलं. तीन सप्तकांची छोटी पट्टी, पियानोच्या खाली अडकवायची. स्पीकरची पेटी वेगळी, आत दिव्यासारख्या पेटणाऱ्या व्हॉल्व्ह. एका वेळी एकच सूर. दोन पट्ट्या दाबल्या तरी एकच वाजणार. आणि आवाज कमीजास्त करायला गुडघ्याने ढकलायची दांडी.

आता हे तुमच्या पीएसआरवर कसं करायचं ते ऐका. पुंगीचा किंवा शहनाईचा आवाज लावू नका. ओबो किंवा साधा सिंथ लीड लावा, कंप थोडा वाढवा. उजव्या हाताने कधीच दोन पट्ट्या एकदम दाबू नका. पण एक सोडायच्या आत दुसरी दाबा, मधे फट पडता कामा नये. गारुडी गाल फुगवून श्वास फिरवतो, त्याचा सूर तुटत नाही. खरी गोम तीच आहे. खऱ्या पुंगीला दोन नळ्या असतात, एक सुराची आणि एक नुसती षड्जाची. म्हणून डाव्या हाताने खालचा सा दाबून धरा, बारीक. स्पर्शाप्रमाणे आवाज बदलायची सोय बंदच करा, त्या वाद्यात ती नव्हती. पायात व्हॉल्यूमचं पेडल घ्या, गुडघ्याचं काम त्याला द्या. पिच बेंडचं चाक तर फार लागत नाही. लोक उगीच त्याला वळवतात आणि नाग पळून जातो.

एक भोग सांगतो. एकदा शिवजयंतीच्या चित्ररथावर आम्ही ट्रॉलीवर बसलोय. बेळगावची मिरवणूक म्हणजे रात्रभर हो, पहाट होते. जनरेटर खाली, आम्ही वर. अफजलखानाचा प्रसंग, मी दोन्ही हातांनी गडगडाट करतोय आणि तेवढ्यात खालचा लाइटवाला अजून दोन हॅलोजन लावतो. व्होल्टेज बसला. कीबोर्ड बंद. मग परत चालू झाला, पण चालू झाला तो कारखान्यातून येतो तशा स्थितीत, ग्रँड पियानो आणि पहिला ताल. वाघनखं बाहेर आली आणि मागे आमचं टिंग टिंग टिंग. खान उभ्या उभ्या हसला. तेव्हापासून बॅटरीवाला इन्व्हर्टर घेतल्याशिवाय मी घर सोडत नाही. तुम्हीही लॅपटॉपची बॅटरी बघून घ्या, नाट्यगृहातल्या प्लगवर विसंबू नका.

आणि १९८७ ची गल्ली आहे तर बेंजो विसरू नका! रविवारी माग थांबले की कुठूनतरी गणपतीच्या बेंजो पार्टीचा सराव ऐकू येणारच. ते आमचं खरं इलेक्ट्रॉनिक वाद्य.

रिषभ कोमल (खानापूर)

निपाणीकर, बाकी सगळं मान्य, पण बेंजो इलेक्ट्रॉनिक कसा झाला? तारा आहेत, टाइपरायटरसारख्या कळा आहेत, जपानी ताइशोगोतोवरून आलेला बुलबुलतरंग तो. पिकअप लावून मोठा करतात इतकंच. तार हलते तेव्हाच आवाज येतो. तो इलेक्ट्रिक. इलेक्ट्रॉनिक म्हणजे जिथे काहीच हलत नाही आणि मंडल आपणच सूर जन्माला घालतं ते.

मी गाणं शिकवते. इलेक्ट्रॉनिक वाद्यांशी माझं भांडण जुनं आहे आणि मी ते हरले आहे, हेही सांगून टाकते. बेंगळुरूहून ते इलेक्ट्रॉनिक तंबोरे आले तेव्हा मी वर्गात येऊ दिले नव्हते. आज माझ्याकडे तीन आहेत. पावसाळ्यात खऱ्या तंबोऱ्याच्या तारा दर वीस मिनिटांनी उतरतात, आणि खानापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. पण कीबोर्डशी तडजोड झालेली नाही. त्याचा गांधार चढा आहे. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येतो त्या गांधारापेक्षा सेंटच्या मापाने (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) जवळजवळ चौदाने. वाक्य थांबतं तिथे तो गांधार टोचतो. आकाशवाणीने पेटीला १९४० पासून कित्येक वर्षं बंदी घातली होती, त्यातलं एक कारण हेच. लोक त्या बंदीला हसतात. मी अर्धीच हसते.

तुमच्या नाटकासाठी एक सुचवते. घरातले सगळे आवाज खरे ठेवा: भांडी, पाणी, आईची ओवी, माग. कीबोर्ड फक्त टीव्हीतून आणि रेडिओतून येऊ दे. भावनिक प्रसंगाला मागून तार-सप्तकातले व्हायोलिन सोडायचा मोह होईल. सोडू नका. त्या काळी त्या घरात वीज एकाच खोक्यातून गायची.

मध्यमलहर

बाईंचं इलेक्ट्रिक-इलेक्ट्रॉनिकचं म्हणणं बरोबर आहे. बाईंनी शेवटी जे लिहिलं त्यावरून मला मी काय विसरलो ते आठवलं. मी वाद्याबद्दल बोलत बसलो. दिग्दर्शक हवेत हाताने दाखवत होते ते वाद्य नसून बहुधा खोकं असावं.

तेव्हाच्या घरगुती टीव्हीत एकच स्पीकर असे, तळहाताएवढा किंवा लंबगोल, बाजूच्या जाळीमागे. स्टिरिओ नाही. ढोल असो की घंटा, सगळं त्या कागदी कोनातून बाहेर पडायचं. खालचे सूर तो देऊच शकत नव्हता, वरचे अर्धे. मधला भाग मात्र पुढे यायचा, थोडा नाकात बोलल्यासारखा. डीएक्स-७ सारखी वाद्यं टीव्हीवर इतकी का चालली, त्याला हेही एक कारण वाटतं मला. त्यांचा आवाज त्या अरुंद दारातून आरपार यायचा. ऑर्गनचा भरदार खर्ज तिथे अडकून पडायचा.

म्हणून आधी लॅपटॉपवर २०० हर्ट्झच्या खालचं आणि ५००० च्या वरचं कापून बघा. आणि जमल्यास खऱ्या जुन्या टीव्हीच्या स्पीकरमधूनच वाजवा. पण सावध. भंगारातला टीव्ही स्वतः उघडू नका. पिक्चर ट्यूबमध्ये प्लग काढल्यावरही हजारो व्होल्टचा भार राहतो. ज्याला तो उतरवता येतो अशा जुन्या मेकॅनिककडूनच स्पीकर काढून घ्या.

आणखी एक, तुमच्या नाटकात माग आहे म्हणून. १९६३ मध्ये बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये डेलिया डर्बीशायर या बाईंनी 'डॉक्टर हू' मालिकेची शीर्षकधून केली, मूळ रचना रॉन ग्रेनर यांची. तेव्हा त्यांच्याकडे सिंथेसायझर नव्हताच. ऑसिलेटरचे सूर आणि छेडलेली एक तार, टेपवर घ्यायचं, वेग कमीजास्त करून पट्टी बदलायची, कात्रीने कापून एकेक सूर जोडायचा. दिव्याच्या धातूच्या छत्रीवर टोला मारून तोही आवाज त्यांनी इतरत्र वापरला. टेपचा वेग निम्मा केला की आवाज बरोबर एक सप्तक खाली उतरतो. मागाचा आवाज घ्या आणि असा उतरवून बघा.

मला एक कळतं, या धंद्यात सगळ्यात हट्टी आवाज म्हणजे घुंऽ. एका केंद्रावर सुगम संगीताचं रेकॉर्डिंग होतं, कीबोर्डवाल्याचा प्लग एका भिंतीला, आमच्या मिक्सरचा दुसऱ्या. दोन अर्थिंगच्या मधे पन्नास हर्ट्झचं चक्र तयार झालं आणि गायिकेच्या प्रत्येक ओळीमागे ते गुणगुणत राहिलं. अर्धी शिफ्ट आम्ही केबली बदलण्यात घालवली. शेवटी चहा घेऊन आलेल्या पोऱ्याने विचारलं, दोन्ही एकाच बोर्डात का नाही लावत? लावलं, थांबलं. तुम्हीही लॅपटॉप, कीबोर्ड आणि अॅम्प्लिफायर एकाच एक्स्टेन्शनवर घ्या.

गॅलरीतला

मी पेनड्राइव्ह म्हणालो ते मागे घेतो.

तिसरी घंटा

सगळ्यांना उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण आठ दिवस ह्यातच गेले.

टूंऽऽ पहिल्याच रात्री झाला. डेक्स्ड उतरवायला लॅपटॉपने तासभर घेतला. एकास १.४ लावलं आणि काका, अंगावर काटा आला. पहिली घंटा वाजली ती घंटाच नव्हती, कुठल्यातरी रिकाम्या पिंपावर पाऊस पडल्यासारखी होती. मग हलवणाऱ्याचा जोर कमी करत आणला तसतशी ती मालिका जवळ येत गेली. दोन सुरांची साधी धून बांधली आहे, सा आणि प, वर मध्यम टाळला. (रिषभताई, गांधारही टाळलाय. टोचायलाच नको.)

पण हेडफोनवर ऐकवलं तर दिग्दर्शक पुन्हा म्हणाले, "जवळ आलंय." जवळ म्हणजे नाही.

स्पीकरसाठी कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेले. त्यांच्या माळ्यावर शटरचा टीव्ही होता, तो लाकडी पेटीतला, पुढची दारं सरकवून बंद करायचा. त्यांनी आधी मला दुकानाच्या बाहेर उभं केलं, मग ट्यूबचा भार उतरवला. एक 'टच्' असा आवाज झाला. स्पीकर त्यांनी काढून दिला आणि पेटीही दिली, नुसती. "ट्यूब नको तुला," म्हणाले, "वजनाने नाटकच पडेल." पैसे घेतले नाहीत, दोन पास मागितले.

स्पीकर पेटीत बसवला, अॅम्प्लिफायर पलंगाखाली लपवला. परवा तालमीला तीच धून त्यातून सोडली. घंटेचं सगळं तेज गेलं. चकाकी उतरलेल्या जरीसारखी झाली, थोडी करडी, थोडी नाकातली. दिग्दर्शक काही बोललेच नाहीत. नटांनी आपोआप माना त्या पेटीकडे वळवल्या, ज्या मी आठवडाभर सांगूनही वळत नव्हत्या.

निपाणीकर दादा, पुंगी अजून अडखळते. पट्ट्या एकमेकींवर ठेवायची सवय पेटीवाल्या हाताला आहे, पण पाय आणि हात एकत्र जात नाहीत. पेडल दाबताना सूरच सुटतो. सा मात्र धरला आणि गल्लीतली दोन पोरं खिडकीत आली. बेंजोसाठी शेजारच्या गल्लीतल्या पार्टीला विचारलंय, ते तालमीच्याच वेळेला सराव करतात, म्हणजे फुकटात.

मागाचा आवाज मी आमच्याच मागावर घेतला. आता एकच उरलाय आमच्याकडे, तोही महिन्यातून चार दिवस चालतो. फोन धोट्याच्या बाजूला धरला, दहा मिनिटं. लॅपटॉपवर वेग निम्मा केला तर खटाखट-खटाखटचं असं काही झालं की कुणीतरी जड पावलांनी जिना चढतंय. शेवटच्या प्रसंगाला, माग पुन्हा सुरू व्हायच्या आधी, तो येतो. अंधारात. मग दिवे लागतात आणि खरा वेग.

बाबांना तालमीला नेलं होतं. ते चाळीस वर्षं मागावर होते, आता गुडघे गेलेत. दारात खुर्ची टाकून बसले. मी टूंऽऽ सोडला. नट अजून चहा पीत होते, कुणाचं लक्ष नव्हतं. बाबा उठले, चप्पल काढून बाजूला ठेवली, आत आले आणि त्या रिकाम्या पेटीसमोर खाली जमिनीवर मांडी घालून बसले. गुडघ्यांसकट. मी म्हटलं, बाबा, अजून सुरू झालेलं नाही. तर म्हणाले, "म्हाईत हाय गं. जागा धरून ठेवूलालोय."

काका, एक प्रश्न राहिलाच. जुना स्पीकर सोळा ओहमचा आहे आणि माझा अॅम्प्लिफायर आठचा लिहिलेला आहे. चालेल ना? स्पर्धा पुढच्या शनिवारी आहे.

मध्यमलहर

चालेल. आवाज थोडा कमी निघेल, धोका काही नाही. उलटं असतं, म्हणजे स्पीकर चारचा आणि अॅम्प्लिफायर आठचा, तर मी थांबवलं असतं. मात्र त्या जुन्या कागदाला फार जोर देऊ नका, फाटेल. नाट्यगृह मोठं असेल तर पेटीसमोर एक छोटा माइक लपवा आणि तो मोठ्या स्पीकरवर अगदी बारीक सोडा. आवाज पेटीतूनच येतोय असं वाटलं पाहिजे.

निपाणीचा कीबोर्ड

शनिवारी मी येतो. पायाचं पेडल माझं घेऊन येतो, त्याची स्प्रिंग मऊ आहे. आणि बाबांच्या बाजूला एक जागा धरा.